रिलीजला मराठीत काय म्हणाल? स्राव, सोडणे, की पान्हा?

भाची पाषाणला चेतापेशींवर पीएचडी करते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेची मुलं प्रयोगशाळा बघायला येणार म्हणून तिनं कामाचा तक्ता मराठीत लिहून मला तपासायला दिला. पहिलंच वाक्य: ‘चेतापेशी संप्रेरकांचे व चेतापारेषकांचे उत्सर्जन कसे नियंत्रित करतात’. दहावीच्या पोराला उत्सर्जन म्हटलं की मूत्रपिंड आठवणार. मी ‘स्राव’ सुचवला. ती म्हणाली, “नको मामा. माल तयार असतो, भरून ठेवलेला असतो. तो सोडायचा कधी, एवढाच माझा विषय आहे.”

मुद्दा असा. चेतापेशीच्या टोकाला चेतापारेषक, म्हणजे पुढच्या पेशीला संदेश पोचवणारं रसायन, बारीक पिशव्यांत भरलेलं असतं, एकेक पिशवी साधारण ४० नॅनोमीटरची. विजेचा संदेश टोकाशी पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीच्या पटलाला टेकून बसलेल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. कॅल्शियम आत आल्यापासून हे उरकायला एक मिलिसेकंदही लागत नाही. कॅल्शियम नसेल तर पिशव्या भरलेल्या असूनही संदेश पुढे जात नाही. ‘स्रवणे’मध्ये हे येतच नाही. जखम स्रवते, ती काही हुकमाची वाट बघत नाही.

‘विमोचन’ कृपया सुचवू नका. शाल आणि श्रीफळ डोळ्यांपुढे येतं.

प्रतिसाद:
आधी एक खुसपट. ‘स्राव’मध्ये त नाही. ‘स्त्राव’ लिहिणारे ‘स्त्रोत’ही लिहितात, तक्त्यावर तेवढं बघा. ‘संप्रेरक’ मात्र बावनकशी शब्द. स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला तो ‘चालना देणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, आणि प्रेरक म्हणजे तेच.

प्रतिसाद:
मूळचा मुळशीचा, घरी म्हशी होत्या. आमच्याकडे याला ‘पान्हा सोडणे’ म्हणतात. रेडकू दोन-चार ढुशा देतं, तोवर सड मऊ, लोळागोळा. मग एकदम भरून ताठ होतात आणि धार लागते. परका माणूस गोठ्यात आला की म्हैस ‘पान्हा चोरते’. दूध कासेत असतं, देत नाही. तयार करणं वेगळं आणि सोडणं वेगळं हे आमच्या आजीला पीएचडीशिवाय माहीत होतं.

प्रतिसाद:
वा! पान्हा हा संस्कृत ‘प्रस्नव’वरून आलेला. पण सांभाळून. पान्हा दुधाचा, तो सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा नव्हे. ऑक्सिटोसिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या चेतापेशींत तयार होतं, त्यांच्याच लांब तंतूंतून पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात उतरतं आणि तिथे साठून राहतं. रेडकू चोखायला लागलं की सडातून मेंदूकडे वर्दी जाते, साठा रक्तात सुटतो आणि कासेतल्या दुधाच्या पिशव्या पिळल्या जातात. भीती वाटली की ते सोडणंच अडतं. म्हणजे म्हैस पान्हा चोरते तेव्हा आधी मेंदूनं ऑक्सिटोसिन चोरलेलं असतं. दाखला म्हणून उत्तम, पारिभाषिक शब्द म्हणून नको.

(आमच्या वाड्यात ‘पान्हा’ म्हटलं की प्लंबर पेटी उघडायचा. मुलांनाही तोच आठवेल.)

प्रतिसाद:
मग साधं ‘सोडणे’ का नको? त्याच्याशेजारी ‘सुटणे’ही आहे, आणि या जोडीचा इथे फार उपयोग होतो. फॅट आणि काट्झ या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवलं की संदेश आलेला नसतानाही अधूनमधून चेतापारेषकाची एखादी पुडी (एका पिशवीतला माल) आपोआप बाहेर पडते. ती सुटते. संदेश आल्यावर पेशी अनेक पुड्या एकदम सोडते. नुसत्या क्रियापदात फरक कळतो, शेपूट लावावं लागत नाही.

मूळ लेखक:
हे भाचीला वाचून दाखवलं. ‘सुटणे-सोडणे’वर ती खूश आहे, कारण आपोआप सुटणाऱ्या पुड्या मोजण्यातच तिचे दिवस जातात. तक्त्याचं वाक्य आता असं: ‘चेतापेशी संप्रेरकं आणि चेतापारेषकं कधी सोडतात, कधी रोखून धरतात?’ नामाची गरज पडली तिथे ‘सोडवण’ लिहिणार होतो, पण ती कर्जातून होते. म्हणून ‘सोडणं’च ठेवलं. कोपऱ्यात तिनं म्हैस काढली आहे. जरा हत्तीसारखी दिसते, पण राहू दे.