बाबांचा सीएमव्ही पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे हर्पीसच का हो?

सांगलीचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन पाच महिने झाले, किडनी आईचीच. पहिले तीन महिने व्हॅल्गॅनसायक्लोव्हिर (सीएमव्ही व्हायरसला रोखणारी गोळी) चालू होती मग बंद केली, आणि आता दहा दिवस झाले बारीक ताप, जुलाब, तोंडाला चव नाही. पांढऱ्या पेशी कमी आल्यात आणि सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसची पीसीआर पॉझिटिव्ह. डॉक्टर घाईत होते, एवढंच म्हणाले की हर्पीसच्या घराण्यातला व्हायरस आहे, गोळ्या परत सुरू करू. हे मी आत्याला फोनवर सांगून बसलो आणि घरात नुसता गोंधळ. आत्या म्हणते म्हणजे नागीण, आमच्याकडे एक जण उतरवतो, गेरूचा लेप लावतो. चुलतभाऊ गूगल करून बाबांकडे भलत्याच नजरेने बघतोय. ऑपरेशनआधी बाबांचा आयजीजी पॉझिटिव्ह होता, मग अँटिबॉडी असताना हे झालंच कसं? वेगळा स्ट्रेन आहे का? आणि बायकोला सहावा महिना आहे, तिला माहेरी पाठवू का?

लॅबवाली_ताई
दादा, हर्पीस हे आडनाव समजा, एका आडनावाची माणसं काय एकसारखी असतात का. माणसाला होणारे आठ नंबर आहेत, त्यात सहाव्याचे दोन निघाले म्हणून नऊ. १ आणि २ म्हणजे ओठावरचे आणि खालचे फोड, चुलतभावाने वाचलं ते. ३ म्हणजे कांजिण्या आणि पुढे नागीण, आत्याबाईंची. बाबांचा आहे तो ५. एकदा अंगात शिरला की यातला कुठलाच जात नाही, झोपून राहतो.

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस आधीच अंगात आहे, आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांचा तसाच येतो. किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबली की तो उठतो, आणि गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत उठणं तर नेहमीचंच. स्ट्रेनचं म्हणाल तर हो, किडनीबरोबर आईंचा वेगळा स्ट्रेन येऊ शकतो आणि जुन्या अँटिबॉडी त्याला पूर्ण अडवत नाहीत. पण कुठला स्ट्रेन हे कोणी रोज तपासत नाही, औषध तेच.

वहिनींना माहेरी कशाला? लघवी-थुंकीतून पसरतो तो, साबणाने हात धुणं आणि उष्टं न खाणं सांभाळा, त्यांच्या गायनॅकला कळवून ठेवा. मात्र बाबांची ती गोळी मोडायची-कुटायची नाही आणि तुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावायचा नाही.

दुसरी_इनिंग
माझं ट्रान्सप्लांट २०१७ चं. मीही यातून गेलोय आणि माझा शहाणपणा सांगतो, गोळी महाग म्हणून मी दोनाची एक केली होती, कोणाला न विचारता. तीन आठवडे झाले तरी व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) हलेना. मग यूएल-९७ नावाच्या जीनची टेस्ट केली, त्यात बदल सापडला, म्हणजे गोळीला व्हायरस दाद देईना आणि शेवटी दुसऱ्या औषधाच्या सलाईनवर गेलो, त्यात किडनीवर ताण वेगळाच. डोस क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून ठरतो, पेशी घटल्या तर डॉक्टर बघतील काय करायचं ते, आपण हात घालायचा नाही. गोळी जेवणाबरोबर.

उगाच_एक_शंका
घरात एसायक्लोव्हिर पडलीय, स्वस्त आहे, हर्पीसचीच ना? ती चालत नाही का?

लॅबवाली_ताई
नाही हो. ती गोळी चालू व्हायला १, २ आणि ३ नंबरच्या व्हायरसकडचं एक एन्झाइम लागतं, सीएमव्हीकडे ते नाहीच. नागिणीला चालते. त्यावरून आठवलं, आत्याबाई अगदीच चुकीच्या नाहीत, ट्रान्सप्लांटवाल्यांना नागीणही जास्त होते. अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा दिसला तर लेप नको, त्याच दिवशी डॉक्टर. नागिणीची जिवंत व्हायरस नसलेली लस मिळते, हे निस्तरलं की विचारा.

आणि स्ट्रेनचं ते आईंसमोर जपून बोला हं.

सांगलीचा_पाहुणा
उशीर झाला ताई. काल रात्रीच विचारलं तिने, माझ्या किडनीतून गेलं का रे. मी म्हटलं बाबांचा आधीपासूनचाच आहे, रिपोर्टच दाखवला. गोळ्या आजपासून सुरू, पुढच्या सोमवारी परत पीसीआर. आत्या गेरू घेऊन निघालीय, तिचं काय करू ते सांगा.