साडेदहा महिन्यांची मुलगी उभी राहते, पण खाली बसता येत नाही. वॉकर घ्यावा की पांगुळगाडा?

जुईची_आई
मुलगी छान रांगते, दिवाणाला धरून उभीही राहते. पण एकदा उभी राहिली की खाली कसं यायचं ते कळत नाही, रडून घर डोक्यावर घेते. रात्री पाळण्यातही तेच. सासूबाई म्हणतात पांगुळगाडा आणा, नणंद म्हणते वॉकर. कशाचा उपयोग होईल? आणि बूट कधीपासून घालायचे?

पाऊलखुणा
आधी पाळणा बंद करा. धरून उभं राहणारं मूल टांगत्या पाळण्यातून किंवा झोळीतून उलटून बाहेर पडू शकतं. खाली गादी घाला.

खाली बसता न येण्यात काळजीचं काही नाही. वर उठताना हातांनी ओढून घेता येतं. खाली येताना मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंना हळूहळू सैल पडत सगळं वजन पेलावं लागतं, आणि तेच अवघड. प्रत्येक वेळी तुम्ही उचलून खाली ठेवलंत तर तिला ते करून बघायला मिळणारच नाही. ती उभी असताना तिच्यामागे गुडघ्यांवर बसा आणि तळहात तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवा. आवडतं खेळणं तिच्या पावलाशी, जरा एका अंगाला ठेवा. ते घ्यायला ती एक हात सोडून वाकेल. त्या क्षणी कंबर किंचित मागे आणि खाली न्या, म्हणजे गुडघे आपोआप दुमडतील. एका वेळी तीन-चारदाच, पण दिवसभरात अधूनमधून करत राहा. कंटाळली की थांबा.

हे जमायला लागलं की आडवं चालणं. दिवाण तिच्या पोट-छातीच्या उंचीचा असेल तर उत्तम. खेळणं हात पोचतो त्याच्या वीतभर पलीकडे ठेवा. आडवं पाऊल टाकताना सगळा भार क्षणभर एका पायावर येतो, कमरेच्या बाजूचे स्नायू त्यातूनच तयार होतात. मग दिवाणाशेजारी जड, न सरकणारी खुर्ची ठेवा. आधी दोन्हीकडे एकदम हात पोचेल इतकी जवळ, मग दर दोन-तीन दिवसांनी चार बोटं लांब. एक दिवस मधे हात सोडावाच लागतो.

दोन्ही हात डोक्यावर ओढून चालवण्याची हौस घराघरात असते. त्यात मूल लोंबकळतं, भार चवड्यांवर जातो आणि तोल मूल नाही, तुम्ही सांभाळता. कमरेला धरा. मनगटाला हिसका तर कधीच नको, कोपराचं हाड सरकतं.

तीनचाकी
वॉकर आणि पांगुळगाडा एकाच मापाने मोजू नका. वॉकरमध्ये मूल बसतं आणि चवड्यांनी ढकलतं, त्याला स्वतःची पावलंही दिसत नाहीत. तोल सांभाळायचं कामच उरत नाही. शिवाय तो सेकंदाला तीन फुटांहून जास्त पळतो: जिना, उंबरठा, टेबलक्लॉथला लोंबणारा चहा. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.
पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. पण धरून आडवं चालता येईपर्यंत तोही नकोच.

जुईची_आई
वॉकर रद्द. पांगुळगाडा घरात जुना आहे, पण हलका. फरशीवर सुळकन पळतो.

तीनचाकी
पुढच्या पट्टीवर दोन-तीन किलो वाळूची पिशवी घट्ट बांधा. वजन खाली आणि पुढे हवं, नाहीतर दांडीला लटकून उठताना गाडा तिच्या अंगावर येईल. चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवा. खिळे आणि कुसळं तपासा. सुरुवात सतरंजीवर, आणि सोबत मोठं माणूस हवंच.
घरात अनवाणीच. मोज्यांनी फरशीवर पाय घसरतो, मालिश केली असेल तर तळव्याचं तेल पुसून घ्या. बूट फक्त बाहेर: तळ बोटांपाशी सहज वाकणारा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. मोरीतली बादली रिकामी ठेवा.

दुडूदुडू
वयाची तुलना शेजारच्या बाळाशी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून काढलेले टप्पे असे: आधाराशिवाय उभं राहणं 6.9 ते 16.9 महिने, एकट्याने चालणं 8.2 ते 17.6 महिने. त्यातली 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

पडण्याला घाबरू नका. 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकत होती आणि 17 वेळा पडत होती. फेंगडी चाल, वर धरलेले हात, सपाट तळवे, किंचित बाकदार पाय हे सगळं या वयात चालतं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं: वर्षाची होऊनही आधाराने उभी राहत नसेल, 18 महिने होऊनही चालत नसेल, एकच पाय ओढत असेल, सारखी चवड्यांवरच उभी राहत असेल, लंगडत असेल किंवा मनगटाची हाडं जाड दिसत असतील. येत असलेली गोष्ट बंद झाली तर मात्र त्याच आठवड्यात. सरकारी सोय हवी असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, अंगणवाडीतूनही तिकडे पाठवतात.