शब्दचर्चा: उष्णकटिबंधीय की उपोष्ण? मायामी, हाँगकाँग आणि आपली मुंबई

प्रश्न – एका प्रवासलेखाचं मराठी करतेय. त्यात मायामीचं हवामान ट्रॉपिकल म्हटलंय आणि पुढे हाँगकाँगचं सबट्रॉपिकल. नकाशात बघितलं तर उलटं दिसतं, मायामी कर्कवृत्ताच्या वर, २५.८ अंशांवर, आणि हाँगकाँग खाली २२.३ वर. मूळ लेखकाचीच चूक आहे का? आणि मराठीत उष्णकटिबंधीय, उपोष्णकटिबंधीय असंच लिहायचं ना, की समशीतोष्ण चालेल?

उत्तर – ताई, लेखकाचं बरोबर आहे, बदलू नका. शाळेच्या भूगोलात पृथ्वीचे पट्टे आखून दिलेले असतात, कर्कवृत्त ते मकरवृत्त उष्ण कटिबंध, त्याच्या पलीकडे समशीतोष्ण, मग शीत, आणि ते डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की शब्द ऐकला की आपण थेट अक्षांश बघायला जातो. पण तो नुसता सूर्याचा हिशोब झाला. कर्कवृत्त आहे साधारण २३.४ अंशांवर, त्याच्या आत जे गाव असेल तिथे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. मुंबईत मेच्या मध्यात आणि परत जुलैच्या शेवटी येतो, उभ्या काठीला सावलीच पडत नाही, त्यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो (जुलैतला बहुतेक वेळा ढगांत जातो). हाँगकाँगला असे दोन दिवस मिळतात, मायामीला एकही नाही. त्या हिशोबाने तुमची शंका रास्तच आहे.

हवामानवाले मात्र शब्द तोच ठेवून मोजतात वेगळंच. व्लादिमिर क्योपेन नावाचे एक शास्त्रज्ञ होते, मुळात वनस्पतींचा अभ्यास केलेले, त्यांनी १८८४ पासून पुढे कित्येक वर्षं जगाच्या हवामानाची वर्गवारी घासूनपुसून तयार केली, आणि कुठे काय उगवतं हे डोळ्यासमोर ठेवून त्यांनी रेषा ओढल्या. त्यांचा नियम असा की वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्याचं सरासरी तापमान १८ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल आणि पाऊस पुरेसा असेल तर हवामान उष्णकटिबंधीय. मायामीचा जानेवारी साधारण २० अंशांचा, म्हणजे पास. हाँगकाँगचा साडेसोळाच्या आसपास, म्हणून ते उपोष्ण. सगळा निकाल हिवाळ्यावर लागतो, उन्हाळ्याला इथे कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते हे एक कळलं की दोन्ही शब्द वापरताना परत गडबड होत नाही.

प्रश्न – पण मग मुंबई कशी बसते यात? जानेवारीत पहाटे सांताक्रूझला १६-१७ असतं की, म्हणजे १८ च्या खालीच ना?

उत्तर – ते किमान तापमान झालं दादा, इथे धरायची महिन्याची सरासरी. जानेवारीत मुंबईत पहाटे १७ च्या आसपास असलं तरी दुपारी ३०-३१ होतं, दोन्हीची सरासरी काढली की २४. पुण्यात जानेवारीत रात्री ११ पर्यंत खाली येतं, कानटोप्या निघतात, तरी दुपारी ३० असतं म्हणून सरासरी विसाच्या वरच. मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदलं गेलं होतं, पण तसल्या एका रात्रीने वर्ग बदलत नाही. थंडी पडतच नाही असं मी म्हणत नाहीये, कोकणात हापूसला मोहोर यायला ती थोडीशी थंडी लागतेच, बागायतदार डिसेंबरात तिची वाट बघत असतात. फक्त ती अख्खा महिना गार ठेवण्याइतकी टिकत नाही.

प्रश्न – हाँगकाँग पण समुद्रालाच लागून आहे ना, मग तिथे हिवाळा गार का? समुद्राकाठी हवा सम असते असंच शिकलो आम्ही.

उत्तर – समुद्र नुसता शेजारी असून भागत नाही, हिवाळ्यात वारा कुठून येतो ते बघावं लागतं. यासाठी कोलकाता आणि हाँगकाँग शेजारी शेजारी ठेवून बघा, अक्षांश जवळपास सारखे, साडेबावीसच्या आसपास. कोलकात्याचा जानेवारी साधारण २० अंश, म्हणजे हाँगकाँगपेक्षा तीन-चार अंशांनी ऊबदार. कारण हिवाळ्यात सायबेरियावर प्रचंड थंड, जड हवा साठते आणि ती दक्षिणेकडे सरकायला लागते, भारताच्या बाजूला तिला हिमालय आडवा येतो, चीनच्या पूर्वेला मात्र तेवढी उंच सलग भिंत नाही, मग ती थंड हवा घसरत घसरत पार किनाऱ्यापर्यंत पोचते. हाँगकाँगच्या वेधशाळेत २४ जानेवारी २०१६ ला ३.१ अंशांपर्यंत पारा उतरला होता. तैपेईचंही तेच, अक्षांश २५, म्हणजे मायामीच्या खालीच, पण जानेवारी १६ च्या आसपास, म्हणून उपोष्ण.

मायामीला तर डोंगर मुळीच नाहीत, कॅनडाकडून थंडीची लाट येते तेव्हा ती सरळ फ्लोरिडात उतरते, १९ जानेवारी १९७७ ला मायामीत हिमकण पडल्याची नोंद आहे. पण ते शहर द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाकडे, आणि पूर्वेला अगदी किनाऱ्याजवळून उबदार समुद्रप्रवाह वाहतो, त्यामुळे लाट आली तरी दोन-तीन दिवसांत ओसरते आणि महिन्याची सरासरी फारशी पडत नाही. तिथे नारळ जगतो तो त्यामुळेच. उलट पेरूचं लिमा बघा, विषुववृत्तापासून फक्त १२ अंशांवर, पण शेजारून थंड प्रवाह जातो, म्हणून हवा गार, पाऊस जवळजवळ नाही, आणि वर्गवारीत ते चक्क वाळवंट. तेव्हा अक्षांश ही फक्त सुरुवात समजायची.

आणखी एक मत – मी ह्यूस्टनला राहतो. इथलं हवामान दमट उपोष्ण धरतात, आणि उपोष्ण शब्दाने लोकांना वाटतं की जरा कमी गरम असेल. जुलैची इथली सरासरी २९ च्या वर जाते, मुंबईत तेव्हा पाऊस असल्याने २८ च्या आसपास असतं. घरून फोन आला की कुणाला पटतच नाही की इथे तुमच्यापेक्षा जास्त उकडतंय. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये पारा शून्याच्या बराच खाली गेला, नळ फुटले, दारातली पामची झाडं करपली. नारळ इथे बाहेर जगणारच नाही.

उत्तर – हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण 'उप' वाचून सगळे हेच समजतात, म्हणजे सौम्य, थोडं कमी. उन्हाळा कमी नसतो, वर खरा हिवाळा असतो इतकंच. तसंच उष्णकटिबंधीय म्हणजे सगळ्यात तापणारं असंही नाही, मे महिन्यात नागपूर ४५ पार करतं तेव्हा मुंबई ३३-३४ ला घामाघूम झालेली असते, आणि तरी दोन्ही शहरं उष्णकटिबंधीयच.

आता कुणी विचारायच्या आधीच सांगतो, मुंबईचा उपवर्ग. क्योपेनच्या पद्धतीत मुंबई बहुतेक ठिकाणी उष्णकटिबंधीय सव्हाना (म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान) अशी दिसते, आणि एवढा पाऊस पडणाऱ्या शहराला सव्हाना वाचून लोक वैतागतात. नियम असा की सगळ्यात कोरड्या महिन्यात ६० मिलिमीटरहून कमी पाऊस असेल तर वर्षाच्या पावसाला २५ ने भागा, ते १०० मधून वजा करा, आणि कोरड्या महिन्याचा पाऊस त्या आकड्याहून कमी असेल तर सव्हाना, नाहीतर मान्सून. मुंबईचा पाऊस २३०० धरला तर आकडा येतो ८, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तर काहीच पडत नाही, म्हणून सव्हाना. वर्षाला २५०० झाला की आकडा शून्यावर येतो, मग महिनेच्या महिने कोरडे गेले तरी मान्सूनमध्ये जागा मिळते. रत्नागिरीला ३००० च्या वर पडतो, त्यामुळे रत्नागिरी मान्सून. मुंबई अगदी कुंपणावर आहे, कुठल्या वर्षांची सरासरी घेतली त्यावर उत्तर बदलू शकतं, म्हणून दोन नकाशांत दोन नावं दिसली तर भांडू नका.

ताई, तुमच्या भाषांतराचं. समशीतोष्ण अगदीच चूक नाही, क्योपेनने उपोष्ण त्याच मोठ्या गटात टाकलंय, पण मराठी वाचकाला त्यावरून लंडनसारखी हवा डोळ्यासमोर येईल, म्हणून हाँगकाँगला ते नको. उपोष्ण किंवा उपोष्णकटिबंधीय ठेवा, 'उप-उष्णकटिबंधीय' पेपरात दिसतं पण संधी करून सुटसुटीत शब्द होत असताना ते कशाला. नुसतं नकाशातलं स्थान सांगायचं असेल तिथे कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दक्षिणेला असं सरळ लिहा, आणि उष्णकटिबंधीय हवामानासाठी राखून ठेवा. तुमचं वाक्य मी असं करीन: 'मायामी कर्कवृत्ताच्या उत्तरेला असूनही तिथलं हवामान उष्णकटिबंधीय आहे, तर कर्कवृत्ताच्या आत असलेल्या हाँगकाँगला गार हिवाळ्यामुळे उपोष्ण म्हणतात.'