मदत हवी आहे: खारफुटी राखायला दरवर्षीचा सरकारी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी. भांडुपच्या खाडीलगत आम्ही काही रहिवासी वनखात्याच्या परवानगीने खारफुटीचा एक पट्टा सांभाळतोय. रोपं लावायला सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचे) पैसे मिळतात, पण भरतीबरोबर येऊन मुळांत अडकलेल्या पिशव्या काढायला, रात्री डेब्रिज टाकणारे डंपर अडवणारा रखवालदार ठेवायला कुणी देत नाही. खरा खर्च तर तोच आहे! आमदार निधीतून कुंपण होईल, राखण नाही.

जैवविविधता कायदा, 2002 मध्ये स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. त्यातून किंवा जिल्हा नियोजन समितीकडून दरवर्षी रक्कम कुणी मिळवली आहे का? प्रस्ताव कोणत्या खात्याकडे द्यायचा? मसुदा असेल तर कृपया पाठवा. महापालिकेचं बजेट फेब्रुवारीत मांडतात, त्याआधी अर्ज पोचायला हवा.