नुसत्या सरासरीवरून कोण कपटी ते कळत नाही
वर कोणीतरी म्हटलंय की दोन देशांत कपटी कल्पकतेची, म्हणजे दुसऱ्याला त्रास द्यायला लढवलेल्या नव्या युक्त्यांची, एकच प्रश्नावली भरून घ्या, ज्यांचा आकडा जास्त ते जास्त कपटी. अहो इतकं सोपं नाहीये ते. चीनमधल्या निंग हाओ वगैरे संशोधकांनी ही कल्पकता मोजायला २०१६ मध्ये १३ प्रश्नांची जी मोजपट्टी काढली तिच्यात इजा करणं, खोटं बोलणं आणि खोड्या काढणं असे तीन भाग आहेत, आता खोड्यांचंच बघा, आमच्या इंदूरला रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यावर कोणी भन्नाट युक्ती काढून तुम्हाला नखशिखांत रंगवलं तर शाबासकी, एरवी केलं तर थेट भांडण. प्रसंगाप्रमाणे खोडीचा अर्थ असा बदलतो, तसा देशाप्रमाणेही बदलू शकतो. शिवाय उत्तरं आपली आपणच द्यायची, मग 'मी थापा मारतो' हे कोण लिहून देणार भिया! प्रश्नांचे हे तीन गट दोन्ही देशांत तसेच पडतात का ते आधी तपासा, सरासऱ्या नंतर लावा.