शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांच्या समाधानाची मराठी प्रश्नावली हवी आहे (तातडीचे)

गोदाकाठ: नमस्कार. ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) कर्मचारी आपल्या कामाबद्दल कितपत समाधानी आहेत, हे मोजणारी मराठी प्रश्नावली कोणाकडे तयार असल्यास कृपया आजच द्यावी. महिनाअखेरीस अधीक्षकांना अहवाल द्यायचा आहे. ३६ विधानांची एक इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत करून वाटली, तर सर्वांनी वरपासून खालपर्यंत 'सहमत' या एकाच रकान्यात खुणा केल्या आणि ज्या दोन सिस्टरांनी गेल्याच आठवड्यात बदलीचे अर्ज दिले, त्याही बेरजेत समाधानी निघाल्या. 'कर्मचाऱ्यांशी बोला' असा सल्ला देऊ नये. त्यांच्याशी मी रोजच बोलते.

परभणीकर: ताई, ३६ विधाने म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची १९८५ सालची नोकरीतील समाधानाची प्रश्नावली असावी. तिच्यातील जवळपास निम्मी विधाने मुद्दाम उलट अर्थाची असतात आणि बेरजेपूर्वी त्यांचे गुण फिरवून घ्यावे लागतात, म्हणजे तिथे 'सहमत'ला जास्तीऐवजी कमी गुण धरायचे. पगार योग्य आहे आणि पगारवाढ क्वचितच होते, या दोन्हींवर जो 'सहमत' म्हणतो, त्याने बहुधा कागद वाचलेला नाही. आपण गुण फिरवले होते का? रुग्णालय सरकारी की खासगी? माणसे किती, आणि त्यांत कंत्राटी किती?

गोदाकाठ: गुण फिरवायचे असतात, हे मला माहीत नव्हते. उपजिल्हा रुग्णालय आहे, सरकारीच असणार.

अभ्यासू_लातूर: नमुन्याचा आकार सूत्राने काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. तसेच नैतिकता समितीची मान्यता घेतली नाही, तर प्रबंध परत येतो, हे मी स्वतः भोगले आहे.

गोदाकाठ: प्रबंध नाही. मी ओटीची इन्चार्ज आहे.

निवृत्त_भूलतज्ज्ञ: प्रश्नावलीपेक्षा आधी सुरक्षा तपासणी यादी नीट सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दिलेल्या या १९ मुद्द्यांच्या यादीत, छेद घेण्यापूर्वी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मला तिचा आणखी एक उपयोग दिसला. ज्या मामांना आमचे सर्जन पाच वर्षे 'ए, लाइट' म्हणून हाक मारत, त्यांचे नाव सर्जनना त्या दिवशी प्रथम कळले.

स्क्रब_सिस्टर: सर, आदर राखून सांगते, आमच्याकडे ती यादी दिवसाची लिस्ट (त्या दिवशी ठरलेल्या शस्त्रक्रिया) संपल्यावर एकटी सिस्टर बसून सर्व केसेसची एकदम भरते. त्यातून समाधान येत नाही, कामच वाढते. नऊची लिस्ट साडेअकराला सुरू होते, कारण भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून यायचे असतात, आणि चारला सुटणारी मुलगी सातला सुटते, तोपर्यंत तिच्या गावाची शेवटची एसटी गेलेली असते.

निवृत्त_भूलतज्ज्ञ: एका माणसाने तीन गावे सांभाळायची आणि उशिराचे खापरही त्याच्यावरच फोडायचे का? मी पोहोचायचो तेव्हा निम्म्या रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट आलेले नसायचे आणि भुलेसाठी उपाशी ठेवायच्या एखाद्याला नातेवाइकांनी चहा-बिस्किट दिलेले असायचे.

परभणीकर: आपण दोघेही कारणे सांगत आहात आणि ती बहुधा खरी आहेत. ताईंनी माणसांची संख्या अद्याप सांगितलेली नाही.

गोदाकाठ: एकूण १४. सर्जन दोन, स्त्रीरोगतज्ज्ञ दोन, बाहेरून केसप्रमाणे मानधनावर येणारे भूलतज्ज्ञ एक, सिस्टर पाच (तीन कंत्राटी), तंत्रज्ञ एक, मामा दोन, मावशी एक. फॉर्मवर नाव विचारलेले नाही. फक्त पद, वय आणि सेवेची वर्षे विचारली आहेत. तरीही मावशी म्हणाल्या, "नाव लिहू नका म्हनता, पन मावशी मी एकलीच हाय की इथं."

परभणीकर: आपली अडचण मावशींनी एका वाक्यात सांगितली. १४ जणांत पद विचारले की नाव विचारल्यासारखेच होते. शिवाय ड्युटी आपण लावता आणि फॉर्मही आपल्याच हातात परत येतो, मग कंत्राटी सिस्टर 'असहमत' कशी लिहील? पद, वय, वर्षे काढून टाका आणि फॉर्म बंद पेटीत टाकू द्या. १४ जणांची एकच बेरीज अहवालात देऊ नका. त्या प्रश्नावलीत पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी, कामाच्या पद्धती अशा नऊ बाबींवर प्रत्येकी चार विधाने आहेत; त्या बाबी वेगवेगळ्या दाखवा. शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा: गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी नोकरी सोडावीशी वाटली आणि त्या दिवशी काय घडले होते?

स्क्रब_सिस्टर: आमच्याकडे याचे उत्तर कुटुंब नियोजन शिबिराचा दिवस हेच येईल.

गोदाकाठ: पेटी ठेवली. परंतु प्रत्येक फॉर्मवर सही असल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही, असे अधीक्षकांनी आज सांगितले.

परभणीकर: सह्या वेगळ्या पानावर घ्या. फॉर्म मिळाल्याची पोच म्हणून १४ सह्यांचे एक पान फाइलला लावा आणि फॉर्म बिनसहीचे ठेवा.

गोदाकाठ: पोचेचे पान चालेल, असे कार्यालयातून कळले. आता एकच अडचण राहिली आहे. मावशींना वाचता येत नाही. त्या पोचेवर अंगठा देतील, परंतु त्यांचा फॉर्म कोणी वाचून भरावा? आजवर असे कागद मीच भरून देत आले, पण हा मी भरणे बरोबर होणार नाही. सिस्टरांपैकी कोणाकडून भरून घ्यायलाही त्या तयार नाहीत.