टेक्स्चर्ड की स्मूद? दोन सर्जन, दोन मतं, मला काहीच ठरवता येत नाहीये

सायली_नाशिक

मैत्रिणींनो, जरा मोकळेपणाने विचारतेय. माझं वय ३३, दोन मुलं, दोघांनाही दीड दीड वर्ष अंगावर पाजलंय आणि त्यानंतर वजन उतरलं तशी छाती पार रिकामी झाली, वरचा भाग तर एकदम सपाट. दोन वर्षं पैसे साठवले, नवऱ्याशी बोलून झालं (सासूबाईंना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाहीये), आता इम्प्लांट करायचं नक्की आहे. पण पहिल्या सर्जननी टिअरड्रॉप शेपचं टेक्स्चर्ड (खरखरीत पृष्ठभागाचं) सुचवलं, २७५ सीसी, स्नायूच्या वर. ते म्हणाले नॅचरल दिसेल आणि कडक व्हायची भीती कमी. सेकंड ओपिनियनला पुण्याला गेले तर त्या मॅडम म्हणाल्या मी टेक्स्चर्ड आता वापरतच नाही, राउंड स्मूद (गुळगुळीत) घे, स्नायूखाली. कारण विचारलं तर "कॅन्सरचं प्रकरण झालंय ना" एवढंच म्हणाल्या आणि बाहेर पुढची पेशंट बसलेली. घरी आल्यापासून झोप नाही. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

मृदुला_के

सायली, मी सांगते, कारण माझं टेक्स्चर्डच होतं. २०१२ ला केलं, आठ वर्षं काहीही त्रास नाही, मी तर विसरूनच गेले होते. मग एकदा डाव्या बाजूला सूज आली, आठवडाभरात ब्रा होईना इतकी. मला वाटलं सिलिंडर सरकवताना लचक भरली असेल म्हणून बाम चोळत बसले पंधरा दिवस, हे अजिबात करू नका कोणी. सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी दिसलं, सुईने काढलं आणि सीडी३० नावाच्या, कॅन्सर आहे का बघायच्या टेस्टला पाठवलं. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले, ते नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. निगेटिव्ह आला, देवाची कृपा. पण डॉक्टरांनी विचारलं कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं! जिथे केलं तिथे जुनी फाइल सापडत नाही म्हणाले. शेवटी दोन्ही काढली, भोवती तयार झालेला पडदा, कॅप्सूल म्हणतात ती, तीही काढली, स्मूद बसवली. हात लावला तर आताची जास्त मऊ लागतात आणि आडवं झाल्यावर बाजूला सरकतात तशी खऱ्यासारखी, आधीची जागच्या जागी बसलेली असायची.

डॉ_प्लास्टिक_रेसिडेंट

मी प्लास्टिक सर्जरीत एमसीएच करतेय, तुझी तपासणी केलेली नाही त्यामुळे हे फक्त समजून घेण्यासाठी वाच. कोणतंही इम्प्लांट घातलं की शरीर त्याच्याभोवती पातळ पडदा तयार करतं, तीच कॅप्सूल. ती आकसली की छाती कडक होते, आकार बिघडतो, दुखतं, त्याला बेकर ग्रेड देतात १ ते ४. खरखरीत पृष्ठभाग त्यासाठीच आला, की पेशी एका ओळीत लागून आवळू नयेत. आणि याचा फायदा प्रामुख्याने इम्प्लांट स्नायूच्या वर, ग्रंथीखाली ठेवलं तर दिसतो, स्नायूखाली ठेवलं की स्मूद आणि टेक्स्चर्डमधला फरक बराच कमी होतो. म्हणजे तुझे पहिले सर्जन उगाच बोलत नाहीयेत. शिवाय टिअरड्रॉप आतल्या आत फिरलं तर छाती वेडीवाकडी दिसते, म्हणून ते धरून ठेवायला टेक्स्चर लागतंच. राउंड फिरलं तरी कळत नाही.

आता "कॅन्सरचं प्रकरण". तो स्तनाचा कॅन्सर नाही, कॅप्सूलमध्ये होणारा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे, नाव बीआयए-एएलसीएल. पहिली केस १९९७ ला छापून आली, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०११ ला इशारा दिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सने जास्त खरखरीत प्रकारांवर बंदी आणली आणि त्याच जुलैत एफडीएच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गनने बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. तेव्हा नोंद होती ५७३ केसेस आणि ३३ मृत्यू, ५७३ पैकी ४८१ केसेस त्या एकाच कंपनीच्या. बायोसेल मिठाचे कण वापरून बनायचं, खड्डे खोल. साच्याचा ठसा उमटवून केलेलं टेक्स्चर त्यापेक्षा बारीक असतं, त्यामुळे सगळी टेक्स्चर्ड एका मापाने मोजू नका. तरीही ज्या केसेसची पूर्ण हिस्टरी माहीत आहे त्यांत कधी ना कधी टेक्स्चर्ड घातलेलं होतंच. ज्यांच्या अंगात आधीपासून आहे आणि काही त्रास नाही त्यांनी काढून टाका असं एफडीए म्हणत नाही. लवकर सापडलं तर इम्प्लांट आणि पूर्ण कॅप्सूल काढून बहुतेक बायका बऱ्या होतात. मृदुलाताईंसारखी वर्षांनंतर अचानक आलेली सूज, तेच मुख्य लक्षण, बाम लावायचा नाही!

माझं मत विचारशील तर नुसत्या ऑगमेंटेशनसाठी (आकार वाढवण्यासाठी), तुझ्या वयात, पुढची तीसचाळीस वर्षं बघता, मी स्मूद घेईन.

अनघा_ठाणे

पण स्मूद म्हणजे बिनत्रासाचं असं कोणी समजू नका. माझं स्मूद, स्नायूच्या वर, चार वर्षांत उजवी बाजू दगडासारखी झाली, ग्रेड ३, परत ऑपरेशन. परत ओटी, परत भूल, परत तो पट्टा आणि लेकीला उचलून घ्यायचं नाही. मला आधी कोणीतरी वर-खालीचा हा फरक सांगायला हवा होता.

सायली_नाशिक

अनघा, वाचून कसंतरीच झालं गं, आता बरी आहेस ना? डॉक्टर, मग स्नायूखाली सगळ्यांनाच चालतं का? मी रोज जिमला जाते. आणि इन्शुरन्समधून काही मिळेल का?

डॉ_प्लास्टिक_रेसिडेंट

इन्शुरन्स विसर, कॉस्मेटिकला मिळत नाही, उलट जीएसटी लागतो. कॅन्सरनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनची गोष्ट वेगळी. छातीच्या वरच्या भागाची चिमूट धरून बघतात, २ सेंमीपेक्षा कमी जाडी असेल तर स्नायूचं आवरण हवं, नाहीतर कडा दिसतात. तुझं वर्णन ऐकून तसंच वाटतंय, पण मोजायला सांग. तोटा असा की पुशअप्स, चेस्ट प्रेस करताना छाती आवळून हललेली दिसू शकते, ड्युअल प्लेनमध्ये (इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली, खालचा ग्रंथीखाली) हे थोडं कमी होतं. आणि बजेट करताना पुढचंही धर: सिलिकॉन जेल असेल तर ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर २-३ वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे. हे आयुष्यभर टिकणारं डिव्हाइस नाही, कधीतरी बदलावं लागेल हे धरूनच चाल.

सायली_नाशिक

शनिवारी परत पुण्याला जातेय. चिमटीचं माप, ड्युअल प्लेन आणि कंपनीचं नाव, तीनही वहीत लिहून घेतलंय, पुढची पेशंट बसली असली तरी उठणार नाही.

मृदुला_के

आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांट कार्ड हातात आल्याशिवाय निघू नकोस, दोन्ही बाजूंचे स्टिकर, सीरियल नंबर सकट. त्याचा फोटो काढून स्वतःला मेल कर आणि नवऱ्याच्या फोनमध्येही ठेव.